एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या) प्रत्येक संघाच्या इतिहासातले सर्वांत मोठे खेळाडू कोणते? त्यांचा क्रम कसा लावावा?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलं आहे की कोणी किती स्टॅनले कप (लीगचं अजिंक्यपद) जिंकले ते मोजलं की क्रम आपोआप लागतो. नाही लागत. मी उत्तर लिहायला बसलो तो या एका वाक्यामुळे. हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून सत्तरच्या दशकापासून ऐकत आलो आहे.

आधी सोपे संघ उरकतो.

एडमंटन: ग्रेट्स्की. मॅकडेव्हिड कितीही मोठा झाला तरी एका हंगामात ९२ गोल आणि पुढे एका हंगामात २१५ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला लागलेला पास, मिळून) करणारा माणूस पहिलाच राहणार. बोस्टन: ऑर. बुर्क तिथे दोन दशकं खेळला, ऑर जेमतेम दहा हंगाम, तेही गुडघे पार कामातून गेलेले असताना. पण डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा, असून अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण, आणि ते दोनदा, हे ऑरच्या आधी कोणाला जमलं नाही आणि नंतरही नाही. डेट्रॉइट: हाऊ, मग लिडस्ट्रॉम, मग आयझरमन. बफेलो: हाशेक. न्यू जर्सी: ब्रोडर. वॉशिंग्टन: ओव्हेच्किन; ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम त्याने एप्रिल २०२५ मध्ये मोडला, पण वॉशिंग्टनपुरता निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता. कॅल्गरी: इगिन्ला. न्यूयॉर्क आयलंडर्स: बॉसी, सलग नऊ हंगाम ५० किंवा जास्त गोल. पॉटव्हिनवाले भांडतील, भांडू द्या. शिकागो: हलपेक्षा मिकिता. १९६४-६५ मध्ये १५४ मिनिटं शिक्षा भोगणारा हा माणूस दोन वर्षांनी पूर्ण हंगामात फक्त १२ मिनिटं बाहेर बसला आणि त्याच हंगामात गुणांत पहिला आला. फिलाडेल्फिया: बॉबी क्लार्क. त्याचं नाव मी आनंदाने लिहीत नाही, पण दुसरं कोणी नाही.

पिट्सबर्गला लेमियू. क्रॉस्बीचे कप तीन, लेमियूचे खेळाडू म्हणून दोन, म्हणजे तुमच्या हिशेबाने क्रॉस्बी वर. १९९३ च्या जानेवारीत लेमियूला हॉजकिनचा आजार, एक प्रकारचा कर्करोग, निघाला. २ मार्चला सकाळी त्याने रेडिएशनचा शेवटचा डोस घेतला, विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री खेळला. एक गोल, एक असिस्ट. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक उभे राहिले, हे विशेष. त्या हंगामात ६० सामन्यांत १६० गुण करून त्याने सगळ्यांना मागे टाकलं. हे कपांच्या कुठल्या रकान्यात मांडणार?

काही संघांची यादी करूच नये. वेगास २०१७ चा, सिअॅटल २०२१ चा. त्यांना इतिहास होऊ द्या. विनिपेगचा घोळ निराळा. सेलानेने पहिल्याच हंगामात ७६ गोल केले ते जुन्या जेट्ससाठी. तो संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला, आणि आजचे जेट्स २०११ मध्ये अटलांटाहून आलेले. मग सेलाने कोणाचा? माझ्या मते विनिपेग शहराचा. कागदावर मालकी कोणाकडे जाते याच्याशी चाहत्याला काय करायचं आहे?

आता टोरोंटो. मी १९७४ मध्ये इथे आलो. सांगलीकडचा, आयटीआय केलेला, हातात लेथचं काम. एका टूल अँड डायच्या कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे मला नावाने कोणी हाक मारत नसे. माझं काम चोख असलं तरी ते दोनदा तपासलं जाई, शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं एकदा. जेवणाच्या सुट्टीत विषय एकच, लीफ्स, म्हणजे टोरोंटोचा संघ मेपल लीफ्स. आणि त्यात आदल्या वर्षी आलेला डिफेन्समन बोर्ये साल्मिंग. हा स्वीडनच्या पार उत्तरेकडचा, किरुनाचा. वडील खाणकामगार, ते खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा हा पाच वर्षांचा. युरोपातून आलेली पोरं नाजूक, कोपऱ्यात दाबली की पक सोडून पळतात, असं तेव्हा लीगभर धरून चाललेलं असायचं. फिलाडेल्फियाने तर त्याला ठरवून ठोकलं. स्टिक, कोपर, मुठी, सगळं. रेफरी निम्मं बघत नसत. हा पडायचा, उठायचा आणि पुढचा शॉट अंगावर घ्यायचा. एक हंगाम गेला, दुसरा गेला, आणि आमच्या सुट्टीतल्या गप्पांमध्ये ‘तो स्वीडिश’ जाऊन ‘आमचा बोर्ये’ कधी आला ते बोलणाऱ्यांनाही समजलं नाही. मला समजलं, कारण मी तेच ऐकत बसलेलो असायचो.

सप्टेंबर १९७६, पहिला कॅनडा कप, देशांच्या संघांची स्पर्धा. कॅनडा विरुद्ध स्वीडन, लीफ्सच्याच मैदानात, मेपल लीफ गार्डन्समध्ये. आमच्या फोरमनकडे दोन तिकिटं जादा होती, ती त्याने मला विकली. नेमके तेव्हा माझे मोठे साडू मॉन्ट्रियलहून आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते इंजिनिअर, माझ्या आधी कॅनडात आलेले, आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे कट्टर. आम्ही दोघं गेलो, बसलो अगदी वर. खेळाडूंची नावं पुकारायला सुरुवात झाली. स्वीडनचे एकेक पुढे येतायत, शिष्टाचारापुरत्या टाळ्या पडतायत. मग साल्मिंगचं नाव आलं आणि सगळं गार्डन्स उभं राहिलं. समोर स्वतःच्या देशाचा संघ उभा आहे, ज्यात ऑर आहे, ज्यात त्यांचाच सिटलर आहे, आणि टोरोंटोची माणसं प्रतिस्पर्ध्यासाठी उभी आहेत, थांबायचं नाव नाही. दोन रांगा खाली आमच्या कारखान्यातलेच काहीजण होते, तेही उभे. मीही उभा राहिलो आणि टाळ्या वाजवताना मला रडू आलं. परक्या देशात आपलं काम बघून लोक आपल्याला आपलं म्हणतात, हे मी डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा बसून होते. “आज तो विरुद्ध बाजूने खेळतोय,” म्हणाले. “आणि त्याने जिंकलंय काय?” सामना कॅनडाने ४-० जिंकला. घरी जाताना सबवेत आमचं जे सुरू झालं ते आजतागायत सुरू आहे.

अण्णांचा मुद्दा असा: मॉन्ट्रियलचे कप २४, टोरोंटोचे १३, टोरोंटोचा शेवटचा १९६७ चा. साल्मिंगकडे कप नाही, सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडकही नाही. म्हणून टोरोंटोत पहिला कियॉन. चार कप, आणि १९६७ ची कॉन स्माइथ, म्हणजे प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, जी आजवर दुसऱ्या कुठल्याही लीफला मिळालेली नाही. २०१६ मध्ये लीफ्सनी स्वतः शंभर खेळाडूंची क्रमवारी काढली, तिच्यात कियॉन पहिला आल्यावर अण्णांनी मला रात्री अकराला फोन केला होता.

माझं उत्तर तेव्हाही हेच होतं. १९४२ ते १९६७ लीगमध्ये संघ सहा. चार प्लेऑफला, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांना, जायचे, दोन मालिका जिंकल्या की कप हातात. आज संघ ३२ आणि मालिका चार. त्या काळातला कप आणि आजचा कप एकाच तराजूत टाकणं हा हिशेबच चुकीचा. शिवाय कप संघ जिंकतो आणि संघ मालक-व्यवस्थापक बांधतात. मॉन्ट्रियलला व्यवस्थापक म्हणून सॅम पोलॉक मिळाला. त्याने कॅलिफोर्नियाच्या संघाचा पहिला पिक, म्हणजे नव्या खेळाडूंमधून निवडीचा हक्क, आधीच पदरात पाडून घेतला आणि १९७१ मध्ये त्यातून लाफ्लर उचलला. टोरोंटोच्या वाट्याला मालक म्हणून हॅरॉल्ड बॅलार्ड आला. त्याच्याशी बिनसून कियॉन १९७५ मध्ये गेला आणि कित्येक वर्षं संघाचं तोंड पाहायला तयार नव्हता. लीफ्सच्या मॅकडॉनल्डला १९७९ मध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, १९८२ मध्ये सिटलर गेला. साल्मिंग त्याच घरात सोळा हंगाम राबला. लीफ्ससाठी त्याच्या ६२० असिस्ट आहेत आणि १९७५ पासून सलग सहा वर्षं तो लीगच्या ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघांत होता. मॉन्ट्रियलचे लाफ्लर, रॉबिन्सन, ड्रायडन शेजारी असते तर त्याच्याही बोटांत कप जिंकणाऱ्यांच्या अंगठ्या असत्या. रॉबिन्सनला बॅलार्डकडे सोळा वर्षं ठेवा आणि मग मला कप मोजून दाखवा.

अण्णांचा हुकमाचा पत्ता १९७८. क्वार्टरफायनलला आयलंडर्सविरुद्ध चौथ्या सामन्यात साल्मिंगच्या डोळ्याला स्टिक लागली, तो बाहेर गेला, आणि तरी लीफ्सनी सातवा सामना ओव्हरटाइममध्ये काढला, मॅकडॉनल्डच्या गोलवर. “तुमच्या काळातली सगळ्यांत मोठी मालिका त्याच्याशिवाय जिंकलात,” असं ते दर वेळी म्हणतात. अण्णा, पुढच्या फेरीत तुमच्याच मॉन्ट्रियलने आम्हाला ४-० धुतलं. साल्मिंग नसेल तर काय होतं ते त्या चार सामन्यांत दिसलं. ते तुम्ही कधीच बोलत नाही.

प्रश्नकर्त्यासाठी माझा नियम सरळ आहे. हा माणूस नसता तर संघ काय राहिला असता, आणि त्याच्यामागून येणाऱ्यांसाठी काय बदललं, हे दोन प्रश्न विचारा. साल्मिंगनंतर युरोपातल्या पोरांना घेताना संघ हळूहळू कचरेनासे झाले. १९८९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सुंडिन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, युरोपातला पहिला. २००८ मध्ये लिडस्ट्रॉमने कर्णधार म्हणून कप उचलला, युरोपात घडलेल्या खेळाडूंत तोही पहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये साल्मिंग सत्कारासाठी टोरोंटोत आला तेव्हा त्याला एएलएसने, स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने, गाठलं होतं, बोलता येत नव्हतं, हात वर होत नव्हता. सिटलरने तो उचलून धरला. दुसऱ्या रात्री व्हँकूवरविरुद्ध लीफ्सनी सुरुवातीला उतरवलेले सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश होते. बारा दिवसांत तो गेला. त्या दिवशी अण्णांनी फोन केला, कपाचं नाव काढलं नाही, पण पहिला क्रमांकही दिला नाही.

काही गोष्टी कबूल करायला हव्यात. लीफ्सचे जुने खेळाडू अॅप्स आणि केनेडी यांना मी खेळताना पाहिलेलं नाही, त्यांच्याबद्दल वाचलेलंच आहे. गोलरक्षकांची तुलना मी टाळतो. हाशेक आणि ब्रोडर त्यांच्या संघांत इतके उघड होते की तिथे अडलो नाही, पण मॉन्ट्रियलला प्लांट, ड्रायडन आणि रुआ यांना बेलिव्होशेजारी कसं बसवायचं ते तुम्ही तुमचं ठरवा. मी तिथे बेलिव्हो पहिला आणि मोरिस रिचर्ड दुसरा ठेवतो, आणि यावर तर अण्णा माझ्याशी जास्तच भांडतात. साल्मिंगने पूर्वी कोकेन घेतल्याचं १९८६ मध्ये सांगितलं आणि आठ सामन्यांची बंदी भोगली, हेही खरं. त्याने माझा क्रम बदलत नाही. न्यूयॉर्क रेंजर्समध्ये मी मेसियेच्या वर लीचला ठेवतो, १९९४ च्या कपाचं श्रेय मेसियेला जास्त मिळालं असं माझं ठाम मत आहे, पण तो वेगळ्या उत्तराचा विषय. डॅलस, सेंट लुईस, लॉस एंजेलिस वगैरे राहिलेल्या संघांचं त्यांना रोज पाहणाऱ्यांनी लिहावं.

टोरोंटोचं मात्र माझ्याकडून घ्या: साल्मिंग, कियॉन, अॅप्स, सुंडिन, केनेडी, सिटलर. अण्णा, तुम्हाला चौथ्या आणि पाचव्याची अदलाबदल हवी असेल तर मी ऐकून घेईन. पहिल्याची नाही.