परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस कसा घालवावा? खरेदी करावी की फिरावं?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरहून विमान रात्रीचं आहे, हॉटेल सकाळीच सोडायचंय, घरच्यांना दिवसभर मुस्तफा या भल्यामोठ्या दुकानात खरेदी करायचीय आणि तुम्हाला मात्र निघायच्या विचारानेच उदास वाटतंय. उदासीवर माझ्याकडे औषध नाही. खरेदीवर आहे. करू नका.

आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लिहितोय. आमच्याबरोबर मेव्हण्यांचं कुटुंब होतं, माझी आईही होती. शेवटच्या दिवशी मेव्हण्यांनी नाश्त्यालाच यादी काढली. साडूंचं परफ्यूम, शेजाऱ्यांचं अ‍ॅक्स ऑइल (डोकेदुखीवर चोळायचं तेल), ऑफिसात वाटायला चॉकलेटं. आई मुस्तफाच्या दारातच थबकली. "मला नाही रे झेपायचं हे." बाकीचे आत शिरले आणि मी तिला घेऊन बोटॅनिक गार्डनला गेलो.

लिटिल इंडिया स्टेशनहून मेट्रोची डाउनटाउन लाइन, स्टीव्हन्सला गाडी बदलून नेपियर स्टेशन. 'बोटॅनिक गार्डन्स' नावाचं स्टेशन आहे, पण ते बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. बरोबर गुडघेदुखीचं माणूस असेल तर नेपियरलाच उतरा. बागेला तिकीट नाही, फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला आहे. २०१५ साली युनेस्कोने हिला जागतिक वारसा केलं वगैरे सगळं पाटीवर वाचालच. आम्हाला बघायचं होतं ते टेंबुसूचं झाड. १८५९ साली बाग झाली, त्याआधीपासूनचं म्हणतात. त्याची एक जाडजूड फांदी जमिनीला समांतर, हात लांब केल्यासारखी गेलीय. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला हेच झाड आहे.

आईच्या पाकिटात सुट्ट्यातून आलेली एक पाचाची नोट होती. ती तिने झाडासमोर धरली आणि फांदी जुळवायला लागली. दोन पावलं मागे, चष्मा वर, चष्मा खाली. गवत कापणाऱ्या एका तमिळ कामगाराने मशीन बंद करून हातानेच खूण केली, अजून डावीकडे. "जुळलं!" मग मला विचारते, "आपल्या दहाच्या नोटेमागे काय आहे सांग." मला आठवेना. "कोणार्कचं चाक. रोज हाताळतोस की."

इकडे मेव्हण्यांची गंमत चांगी विमानतळावर झाली. तिथला जीएसटी परत मिळतो (एका दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी लागते), पण सामान बॅगेतून जाणार असेल तर ती चेक-इन करण्याआधी यंत्रावर नोंद करावी लागते आणि कस्टमवाल्यांनी मागितल्या तर वस्तू दाखवाव्या लागतात. त्यांच्याकडे मागितल्या. वस्तू तळाशी, वर चॉकलेटं, त्यावर आमच्या वहिनींचे ओले स्विमसूट. सगळं फरशीवर मांडलं. मग वजन जास्त भरलं, तेव्हा पुन्हा मांडलं. जो काही परतावा मिळाला तो जादा वजनात गेला, आणि विमानतळाच्याच ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघायचा राहिला तो राहिलाच.

तरी प्रत्येक लग्नामुंजीत हेच मेव्हणे मला ऐकवतात, "झाड बघायला सिंगापूरला कशाला जायचं? आपलं पुण्यातलं एम्प्रेस गार्डन काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही. पण मग चॉकलेटं तरी लक्ष्मी रोडवर मिळत नाहीत का?

हां, घरी रिकाम्या हाताने गेलं की बोलणी बसतात, हे मान्य. तेव्हा खरेदी आदल्या दिवशी उरकून टाका, बॅग रात्रीच भरा आणि सकाळी हॉटेलातच ठेवायला द्या, बहुतेक जण ठेवून घेतात. लहान मुलं असतील तर दुपारच्या उन्हात बागेत नेऊ नका, सरळ लवकर चांगी गाठा. आणि विमान सकाळचं असतं तर मी हे काहीच लिहिलं नसतं, झोपा म्हटलं असतं.