बी.आर्क.नंतर मास्टर्स: लँडस्केप, इंटिरिअर की काहीच नको?

बी.आर्क.चं, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचं, शेवटचं वर्ष, लगेच मास्टर्स करू का, केलं तर लँडस्केप (इमारतीबाहेरची जमीन, पाणी, झाडं यांचं डिझाइन) घेऊ की इंटिरिअर, आणि कर्ज काढून बाहेर जाण्यात अर्थ आहे का, असे तुझे प्रश्न आहेत. मी स्वतः लँडस्केपवाली, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार हे आधीच गृहीत धर.

घरचे काहीही म्हणोत, मास्टर्स केल्याने आर्किटेक्ट म्हणून तुझ्या सहीची किंमत वाढत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी मिळते ती बी.आर्क.वर. एम.आर्क.मुळे, म्हणजे मास्टर्समुळे, तुझ्या अधिकारात काहीही भर पडत नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टला चक्क वगळलंय, म्हणजे ती पाटी लावायला नोंदणी लागत नाही. इंटिरिअर डिझायनरचं तर विचारूच नकोस. तेव्हा मास्टर्स करायचं ते एकतर कॉलेजात शिकवायचं असेल म्हणून, नाहीतर बी.आर्क.ने जे शिकवलंच नाही ते शिकायला. पगारासाठी करत असशील तर आताच थांब.

या दुसऱ्या कारणात लँडस्केप चपखल बसतं. पाच वर्षांत आपण काय शिकतो? साइट प्लॅनवर हिरवे गोळे काढायला. प्रत्यक्षात बाणेर-बालेवाडीकडच्या सोसायट्या बघ, बहुतेक बागा जमिनीवर नाहीतच, पार्किंगच्या स्लॅबवर आहेत. ओली माती एक मीटर जाडीची घातली की चौरस मीटरला साधारण १.८ टन वजन होतं. स्ट्रक्चरलवाला ऐकून हात वर करतो, मग मातीची जाडी ६० सेंटीमीटरवर येते, आणि ब्रोशरमध्ये मात्र कडुनिंबाची दाट सावली छापून झालेली असते. अशा मातीत कडुनिंब उभा राहतो तो वळवाचा पहिला जोरदार वारा येईपर्यंत. मग मोठी झाडं नेमकी कॉलमच्या डोक्यावर घ्यायची, माती हलकी कशी करायची, खाली पाणी साठू नये म्हणून ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारे प्लॅस्टिकचे जाळीदार थर) कुठे टाकायचे, हे कोणीतरी बसून सोडवायला लागतं. ते आपलं काम.

पाण्याचंही तेच. एक हेक्टरच्या प्लॉटवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी झालं. ते कुठून कुठे जाणार हे कंटूर, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या रेषा, ठरवतात, आणि मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला तुझ्याकडून हे ग्रेडिंग (जमिनीचे उतार ठरवणं) हाताने इतक्यांदा करून घेतात की वैताग येतो. येऊ दे. आणि झाडांची ओळख वर्षभर फिरून करायची असते, पुस्तकातून नाही. काटेसावर फेब्रुवारीत पूर्ण निष्पर्ण होऊन फुलते. हे आधी सांगितलं नाही तर क्लायंटचा फोन येतोच, ‘मॅडम, तुमचं झाड वाळलं.’

कुठे करावं? दिल्लीच्या एस.पी.ए.मधला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) लँडस्केपचा कोर्स १९७२ पासूनचा, देशातला जुना. रवींद्र भान, मोहम्मद शाहीर या नावाजलेल्या लँडस्केप आर्किटेक्ट्सनी तिथे शिकवलं. शाहीर यांचं काम बघायचं तर दिल्लीतली सुंदर नर्सरी बघ, हुमायूनच्या मकबऱ्याला लागून. २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली, शाहीर त्याआधी २०१५ मध्येच गेले. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ चांगलं, पण फी झेपते का ते घरी बसून मांड. पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेजला लँडस्केपचं एम.आर्क. आहे. रँकिंग बघत बसू नकोस. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि स्टुडिओ कोण घेतं, साइटवर किती नेतात, एवढंच विचार.

इंटिरिअर लगेच करू नकोस, हे माझं स्पष्ट मत. तो धंदा साइटवर शिकतात. सुताराशी मापं बोलणं, बी.ओ.क्यू. (कामाच्या मापांची, साहित्याची यादी) काढणं, फॉल्स सीलिंगमध्ये ए.सी.चा डक्ट आणि स्प्रिंकलर एकाच जागी आले की कोणाला सरकवायचं ते ठरवणं, हे चांगल्या ऑफिसात दोन वर्षांत येतं आणि वर पगार मिळतो. अपवाद फर्निचर आणि प्रदर्शनांचा. त्यात खरंच रस असेल तर एन.आय.डी.चं (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फर्निचर अँड इंटिरिअर डिझाइनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनमधलं मास्टर्स, बघ. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते.

परदेशाचं म्हणशील तर अमेरिकेत एरवी तीन वर्षांचा एम.एल.ए. (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) बी.आर्क.वाल्यांना बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांत होतो. २०२३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्चर त्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांच्या यादीत आलं, त्यामुळे शिक्षणानंतर कामाची मुदत वाढली. पण व्हिसाचे नियम कधी फिरतील यावर पस्तीस-चाळीस लाखांचं कर्ज टांगू नये. सांगलीला परतायचं नक्की असेल तर डॉलरमधली फी रुपयात फिटत नाही. जर्मनीत इंग्रजीतून शिकवणारे कोर्स आहेत, सरकारी विद्यापीठांत फी बरीच कमी, पण राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच खात्यात अडकवून दाखवावी लागते. तिकडची झाडं इथे उपयोगाची नाहीत; पावसाच्या पाण्याचं नियोजन मात्र जसंच्या तसं कामी येतं.

थीसिस कृष्णेच्या घाटावर आहे म्हणतेस ना? मग पोर्टफोलिओत रेंडर (रंगीत देखणी चित्रं) कमी आणि सेक्शन (उभा छेद दाखवणारी ड्रॉइंग) जास्त ठेव. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी आणि २०१९ चा पूर, दोन्ही रेषा प्रत्येक सेक्शनवर ओढ आणि कुठली पायरी, कुठलं झाड पाण्याखाली जातं ते दाखव. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतील.

गेट, म्हणजे इथल्या मास्टर्सची प्रवेशपरीक्षा, मात्र याच वर्षी दे. स्कोअर तीन वर्षं चालतो, तोवर दोन वर्षं नोकरी होईल, आणि अभ्यासाची सवय आत्ता आहे तेवढी नंतर राहत नाही.