पेव्हरखाली पाणी मुरवायचं असेल तर मुरूम नको, बिनडस्टची खडी घाला

दारात गाडी लावायच्या ३० बाय १२ फुटांच्या जागेत पेव्हर ब्लॉक घालायचेत, पावसाचं पाणी खालीच मुरायला पाहिजे आणि मेस्त्री म्हणतोय मुरूम नाहीतर जीएसबी (रस्त्याच्या पायात घालतात ती लहान-मोठी मिसळलेली खडी) टाकून रोलर फिरवू, तर काय घालू असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. मुरूम पाणी मारून दाबला की घट्ट बसतो खरा, पण बसतो तो त्यातल्या बारीक मातीमुळं आणि तीच माती पाणी अडवते. जीएसबीत पण मोठ्या खडीबरोबर बारीक माल असतोच की. साध्या पेव्हरला मेस्त्रीचं बरोबर आहे, तुमच्या कामाला नाही.

तुम्हाला पाहिजे क्रशरची काळ्या दगडाची टोकदार खडी, एका थरात एकच साईज, डस्ट म्हणजे क्रशरची बारीक पूड बिलकूल नको. नदीचे गोल गोटे तर अजिबात नको, चाकाखाली ते सरकत राहतात. टोकदार खडी एकमेकांत अडकून बसते आणि दाबल्यावरही ३० ते ४० टक्के जागा मोकळी राहते, पाणी तिथं साठतं आणि सावकाश खाली जातं. तुमच्या जागेत ८ इंचाचा थर म्हणजे २४० घनफूट खडी, त्यात तिसरा हिस्सा पोकळी धरली तरी सव्वादोन हजार लिटर पाणी मावतं. तासाभरात ५० एमएम पाऊस कोसळला तर तेवढ्या जागेवर पडणार साधारण १६७० लिटर, म्हणजे भागतंय. पण वरच्या स्लॅबचं पाणी त्यातच सोडायचं म्हणाल तर हा हिशोब कोलमडला, आणि जागा उताराची असेल तर पाणी खालच्या टोकाला गोळा होतं तेही धरा.

धुळीचं तेवढं स्वतः उभं राहून बघा. टिप्पर ओतताना शेवटी तळाचा जो माल येतो त्यात पावडर बसलेली असते. दोन ओंजळी खडी बादलीत घाला, पाणी ओतून हलवा, पाणी गढूळ राखाडी झालं की माल पाईपनं धुवून घ्या नाहीतर परत पाठवा. बेळगावजवळच्या खानापूरकडं कोण जांभ्याचे तुकडे स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, गाडीखाली त्याचा चुरा होतो आणि पोकळी बुजते. पाडलेल्या घराच्या विटा-गिलाव्याचं पण तेच.

आता खरी भानगड मातीची, कारण आपल्या बेळगाव भागात खानापूरची तांबडी जमीन वेगळी आणि निपाणी-चिकोडीची काळी वेगळी. दीड फुटाचा खड्डा मारा, एकदा पाणी भरून मुरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशी खड्डा रिकामा झाला तर पाणी सरळ जमिनीत सोडा. काळी चिकट माती असेल तर ते पाणी तसंच उभं राहतं, वर ही माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, घराच्या पायाला लागून असलं पाणी मुरवणं म्हणजे भिंतीला तडे मागून घेणं. तिथं तळाला आणि पायाच्या बाजूला जाड प्लास्टिक घाला, भोकाचा पाईप टाकून पाणी गटारीकडं नाहीतर पायापासून लांब शोषखड्ड्यात काढा. तांबडी असो की काळी, माती आणि खडीच्या मधे जिओटेक्स्टाईल कापड (पाणी सोडणारं पण माती अडवणारं) घालाच, नाहीतर चिखल खडीत चढतो.

माल असा मागवा: खाली ४० एमएमची ५ इंच, म्हणजे दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), त्यावर २० एमएमची ३ इंच, एका ब्रासपेक्षा थोडी कमी, आणि ब्लॉकखाली वाळूऐवजी ६ एमएमची २ इंच, अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त. दाबल्यावर थोडं बसतं म्हणून दहा टक्के वाढवून सांगा. प्रत्येक थर वेगळा दाबून घ्या आणि कडेला काँक्रीटचं कर्ब भक्कम करा. सांध्यांत पण बारीक खडीच, मेस्त्री सवयीनं डस्ट झाडूनं सारायला लागला की तिथंच थांबवा त्याला.