‘माझा ईक्यूच कमी आहे, मॅडम’

कॅम्पस प्लेसमेंटची गडबड सुरू झाली की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येतो. सॉफ्ट स्किल्सच्या तासाला मुलांकडून मोबाइलवर भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे ईक्यूची, एखादी चाचणी भरून घेतलेली असते. आकडा कमी आलेला असतो आणि मूल विचारतं, हा आता वाढेल का? पालकांचा फोन आला तर प्रश्न थोडा बदलतो: ‘याचा काही क्लास असतो का?’

वैभव (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) लातूर जिल्ह्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, तीन मित्रांबरोबर कॉट बेसिसवर राहणारा. चाचणीत त्याला शंभरपैकी ३८ मिळाले होते. पण नुसत्या आकड्यासाठी तो आला नसता. त्याच्या रूममेटचे वडील अचानक वारले होते. दिवसकार्य उरकून परत आल्यावर रूममेट त्याला म्हणाला, ‘तू तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. तुला काही वाटतं की नाही रे?’ ते वाक्य आणि ३८ हा आकडा वैभवने एकमेकांना जोडून टाकले होते. ‘माझ्यात ते नाहीच बहुतेक, मॅडम. टेन्शन आलं एवढंच मला कळतं.’

मी म्हटलं, त्या रात्री काय काय झालं ते क्रमाने सांग.

फोन रात्री उशिरा आला. रूममेट कॉटवर नुसता बसून राहिला. नातेवाइकांचे फोन थांबेनात, तेव्हा वैभवने त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि सगळ्यांशी स्वतः बोलला. बॅग भरली. चार्जर, एटीएम कार्ड आणि पहाटे गाडीत गार लागतं म्हणून स्वतःचा स्वेटर. स्वारगेटला सोडायला गेला आणि ‘हा एकटा कसा जाईल’ म्हणून तसाच सांगलीच्या एसटीत चढला. दुसऱ्या दिवशी त्याची स्वतःची इनसेम, म्हणजे सेमिस्टरमधली, परीक्षा होती. हे त्याने मला अगदी शेवटी, मी विचारल्यावर सांगितलं.

समोरच्याला काय होतंय आणि आत्ता काय हवंय, हे या मुलाला न सांगता कळलं होतं. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना नीट मांडली. पुढे त्यांनी तिचे चार भाग केले: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या समजून घेणं आणि सांभाळणं. पहिल्या भागात वैभव कुठेच कमी नव्हता. अडत होतं ते आतलं बाहेर येताना.

मग ३८ कुठून आले? मोबाइलवरच्या बहुतेक चाचण्यांत ‘इतरांच्या भावना मला सहज कळतात’ अशी वाक्यं असतात आणि आपण १ ते ५ मध्ये खूण करायची असते. यात मोजलं जातं ते आपलं स्वतःबद्दलचं मत. क्षमता मोजणाऱ्या चाचण्या वेगळ्या. त्यांत चेहरे आणि प्रसंग देऊन उत्तरं काढायला लावतात. दोन्हींचे गुण एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. रूममेटचं बोलणं कानात घुमत असताना वैभवने ती प्रश्नावली भरली होती. ३८ आले हेच खूप.

मी इतर शक्यताही तपासल्या. झोप, भूक, कशात मन लागतं का, हे विचारलं. सबमिशनच्या दिवसांत झोपेचं खोबरं झालेलं होतं. झोप तुटली की आधीच कमी बोलणारा माणूस आणखी मिटतो. पण नैराश्याची लक्षणं नव्हती. काही जणांना स्वतःची भावना ओळखताच येत नाही, तसंही नव्हतं. दाबायची सवय होती, आणि ती जुनी होती.

घरचा थोरला. सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी आई रडायची, आप्पा गप्प असायचे. धाकट्या बहिणीला सांभाळायचं काम याच्याकडे आलं. तेव्हापासून घरी फोन दोन मिनिटांचा: जेवलास का, जेवलो, सगळं बरं आहे. दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला, तेही घरी सांगितलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरला, पुढच्या सेमिस्टरला विषय काढला, विषय संपला.

अशा मुलांना घरात समजूतदार म्हणतात, म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावना दाबण्यावर पुष्कळ काम केलं आहे. चेहरा शांत ठेवला तरी शरीरातला ताण कमी होत नाही, असं त्यात दिसलं. नव्याने कॉलेजात आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांवरचा त्यांचा २००९ चा एक अभ्यास मला वैभवसारख्यांसाठी फार मोलाचा वाटतो. भावना दाबून ठेवणाऱ्यांना पुढे मित्रांचा आधार कमी मिळाला, जवळीकही कमी राहिली. आपल्याला आधार हवाय हे समोर दिसलंच नाही, तर देणारा तरी काय करणार?

मी त्याला सुचवलं की रूममेटशी त्या रात्रीबद्दल बोल. एक वाक्य तयार करूनही दिलं. तो हसला. ‘मॅडम, हे फारच फिल्मी वाटतं.’ खरंच वाटत होतं. मग त्याने आपलं स्वतःचं वाक्य आणलं: ‘त्या रात्री माझीच फाटली होती. काय बोलावं सुचलं नाही.’ ते तो टपरीवर चहा पिताना बोलून आला. रूममेट म्हणाला, ‘तू सांगलीपर्यंत होतास? मला ती रात्र नीट आठवतच नाही.’

घरचा फोन याहून अवघड गेला. फार दिवस टाळून अखेर त्याने आप्पांना एम-थ्रीचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, ‘माहीत होतं. तुझ्या मित्रानं सांगितलं होतं. म्हटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील.’ दाबायची सवय कुठून आली, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. भावना ओळखणं आणि सांभाळणं सरावाने सुधारतं. भावनिक बुद्धिमत्ता हा काही जन्मभराचा रक्तगट नाही. पण आकड्याला किती डोक्यावर घ्यायचं? ४२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. भावनिक बुद्धिमत्ता आणि परीक्षेतलं यश यांचा संबंध त्यात दिसला, पण माफक, आणि स्वतः भरलेल्या प्रश्नावलीच्या बाबतीत सगळ्यात क्षीण. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी मुलाला झोप किती मिळते आणि ते घरी कोणाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलतं, एवढं बघा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ईक्यू बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वैभव पहिल्या कंपनीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये बाहेर पडला. तिथे आवाज चढवणाऱ्यांचं फावतं, त्याचा भावनिक बुद्धिमत्तेशी काय संबंध, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. दुसऱ्या कंपनीत ग्रुप डिस्कशन नव्हतं. तांत्रिक मुलाखत झाली आहे, निकाल यायचा आहे. या वेळी आप्पांना त्याने मुलाखतीच्या आधीच फोन केला होता.