टायटॅनियम डायऑक्साइड: भुकटी की नॅनोनलिका?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून सोल-जेल पद्धतीने (द्रावणातून जेल बनवून) टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी तयार करून ८० अंश सेल्सियसला वाळवली. उन्हात तिच्यामुळे मेथिलीन ब्लू या निळ्या रंजकाचा रंग फिका होतो. मात्र तीच भुकटी वाहक काचेवर लेपून, पुन्हा न तापवता बनवलेला रंजक-सौरघट (रंजकाने प्रकाश शोषून वीज देणारा घट) जवळजवळ वीजच देत नाही. त्याऐवजी नॅनोनलिका कराव्यात का? – एक विद्यार्थिनी

उत्तर: नलिकांचा विचार नंतर करावा, आधी भट्टीकडे वळावे. ८० अंशांना वाळवलेली भुकटी बहुतांशी अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेली असते. तिच्यातील विस्कळीत रचनेत इलेक्ट्रॉन अडकून पडतात, शिवाय लेपातील कण एकमेकांना नीट सांधले गेलेले नसतात. लेप दिलेली काच सुमारे ४५० अंशांना अर्धा तास तापवल्यास अ‍ॅनाटेज स्फटिक (टायटॅनियम डायऑक्साइडचे एक स्फटिकरूप) तयार होतात आणि कणही जोडले जातात. क्ष-किरण विवर्तनाच्या (स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीच्या) आलेखात, तांब्याचा किरणस्रोत असल्यास, २५.३ अंशांजवळ अ‍ॅनाटेजचे शिखर दिसले पाहिजे. तापमान फार वाढवल्यास मात्र रुटाइल हे दुसरे स्फटिकरूप बनू लागते आणि कण मोठे होऊन पृष्ठफळ घटते. ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सौरघटाचे बळ अशा सच्छिद्र, भरपूर रंजक धरणाऱ्या लेपातच होते.

तुमच्या प्रश्नातील खरी महत्त्वाची गोष्ट मला रंग फिका होण्यात दिसते. अ‍ॅनाटेजची ऊर्जाफट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ते साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश शोषते, म्हणजे उन्हातील केवळ थोडा अतिनील अंश. मेथिलीन ब्लू मात्र ६६४ नॅनोमीटरजवळचा तांबडा प्रकाश स्वतःच शोषतो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देऊन विघटित होऊ शकतो. रंजकाने प्रकाश घ्यायचा आणि ऑक्साइडने इलेक्ट्रॉन वाहून न्यायचा, हे तर सौरघटाचेच तत्त्व झाले! त्याशिवाय बराचसा रंग नुसताच भुकटीला चिकटतो. म्हणून मिश्रण आधी अंधारात, शोषण स्थिरावेपर्यंत ढवळावे, भुकटीविना एक नमुना उन्हात ठेवावा आणि मुख्य चाचणी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली, शक्यतो फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर करावी. या कसोट्यांशिवाय त्या रंगबदलाला प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे ऑक्साइडने स्वतः प्रकाश शोषून घडवलेले विघटन, म्हणणे मला मान्य नाही.

नलिका बनवायच्याच असतील, तर टायटॅनियमचा पत्रा धनाग्र म्हणून फ्लोराइडयुक्त इथिलीन ग्लायकॉलमध्ये ठेवून विद्युत्-रासायनिक क्रिया करतात. त्यांत इलेक्ट्रॉनला सरळ वाट मिळते. पण पृष्ठफळ बारीक कणांच्या लेपापेक्षा सहसा कमी असते, आणि ताज्या नलिकाही अस्फटिकीच असल्याने त्यांनाही भट्टी चुकत नाही. फ्लोराइड आम्लाच्या संपर्कात आल्यास हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते आणि ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते, तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्याशिवाय आणि मार्गदर्शक समोर असल्याशिवाय हा प्रयोग सुरू करू नये.