साडेनऊनंतरची ड्युटी आणि तुमची सही

प्रश्न : ऐरोलीतल्या एका बॅक ऑफिसमध्ये सहा वर्षं क्लेरिकल काम करते. बाळंतपणाच्या रजेनंतर जुन्या मॅनेजरने तोंडीच सकाळची शिफ्ट दिली होती. नवीन मॅनेजरने दुपारी 2 ते रात्री 11 लावली. मुलगी दीड वर्षाची. व्हॉट्सॲपवर खूप विनवण्या केल्या, मग चार दिवस गेलेच नाही. आता 'अब्स्कॉन्डिंग'ची, म्हणजे न कळवता काम सोडून गेल्याची, मेल आली आहे, 48 तासांत उत्तर मागितलंय. एचआर म्हणते, राजीनामा दे. काय करू? – एक वाचक, कळवा

उत्तर : राजीनामा देऊ नका, आणि उद्या दुपारी 2 वाजता ऑफिसात हजर राहा. न कळवता घरी बसलात, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक, आणि ती कंपनीची नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ऑफिसांतून अशी पत्रं मला सारखी येतात, आणि बहुतेकींनी हेच केलेलं असतं.

सोयीची शिफ्ट मिळणं हा सर्वसाधारण हक्क नाही. जुन्या मॅनेजरच्या तोंडी शब्दावर फार विसंबू नका. तुम्हीच लिहिलंय की फोन बदलला आणि त्याच्याशी झालेलं चॅटही गेलं. पाळणाघराची तरतूद आहे, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे. पण रात्री 11 वाजता तिचा तुम्हाला किती उपयोग, सांगता येत नाही.

तुमचा प्रश्न एका शब्दावर ठरणार आहे : संमती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 च्या कलम 13 प्रमाणे रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत स्त्री कामगाराला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितेतही रात्रीच्या कामासाठी हीच अट आहे, आणि तिथे रात्र संध्याकाळी 7 लाच सुरू होते. म्हणजे तुमच्या शिफ्टचा निदान शेवटचा दीड तास तुमच्या होकाराशिवाय लावताच येत नाही. आणि तुम्ही महिनाभर काय लिहीत होतात? 'सर प्लीज ॲडजस्ट करा.' जिथे 'माझी संमती नाही' एवढंच लिहायचं होतं, तिथे तुम्ही मेहेरबानी मागत राहिलात. वाचताना जीव तुटला.

आता घरातली जॉइनिंगची फाइल काढा. तिच्यात 'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्यास तयार' अशा मजकुराखाली तुमची सही आहे का, ते बघा. नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. असेल तर ती संमती आजच लेखी मागे घ्या. सहा वर्षांपूर्वीची सही कायमची बांधून ठेवत नाही असं माझं मत आहे, पण कोर्ट ते मान्य करेलच अशी हमी देत नाही. तशी सही निघाली तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय शिफ्ट अर्धवट सोडून उठू नका.

त्याच कलमात स्त्रीला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याचीही अट आहे. 'कॅब खारेगावात आत वळत नाही, कळवा नाक्यावर उतरवते, पुढे चालत जाते' हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. ते मेलमध्ये वर घ्या, तारखांसह.

मेल आज रात्रीच जाऊ द्या, एचआरला, आणि एक प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर. चार दिवसांचं कारण खरं तेच लिहा, आजारपण जोडू नका. मग : 'मी नोकरी सोडलेली नाही. उद्यापासून हजर आहे. रात्री 9.30 नंतर काम करण्यास माझी संमती नाही.' एवढं पुरे, कायदा शिकवत बसू नका.

गेटवर अडवलं तर तिथूनच, वेळ टाकून, दुसरी मेल करा आणि तिची छापील प्रत ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात देऊन पोच घ्या. एकदा कामावरून काढलं की कामगार न्यायालयात वर्षं जातात. माझ्याकडची काही प्रकरणं दाखल झाली तेव्हा जी बाळं कडेवर होती, ती आता शाळेत जातात. तुमचे 48 तास अजून संपलेले नाहीत, मेल आधी लिहा.