पांढरा मायक्रोफोन

प्रश्न : मोमोए यामागुची या जपानी गायिकेच्या शेवटच्या कार्यक्रमाचं चित्रण पाहिलं. वय अवघं 21, नाव शिखरावर, आणि लग्नापायी सगळं सोडलं! चीड आली. हे तिच्यावर लादलं होतं का? पुढे ती कधी गायलीच नाही?

उत्तर : चीड मलाही आली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं योकोहामात काढली. तिथे माझ्या जपानी शिकवणाऱ्या बाईंनी मला हेच चित्रण दाखवलं. 5 ऑक्टोबर 1980, टोकियोचं निप्पोन बुदोकान सभागृह. शेवटचं गाणं संपतं, पांढऱ्या पोशाखातली मोमोए हातातला पांढरा मायक्रोफोन रंगमंचावर अलगद ठेवते आणि पाठ फिरवून आत जाते. मी "बिचारी!" म्हणाले. बाईंनी चित्रफीत मागे नेली. "ती काय म्हणतेय ते ऐक आधी."

तिने श्रोत्यांचे आभार मानले होते ते आपला 'वागामामा' चालवून घेतल्याबद्दल. दुकानात खेळण्यासाठी फतकल मारून बसलेल्या पोराला जपानी आई जे ऐकवते, तो हा शब्द. हट्ट, आडमुठेपणा, आपलंच खरं करणं. भाषांतर करताना मी अजूनही त्यावर अडते. पण बळी जाणारी बाई हा शब्द वापरत नाही, एवढं नक्की.

हट्टी ती आधीपासून असावी. वाढली योकोसुकात, अमेरिकी नौदलाचा तळ असलेल्या बंदराच्या गावी. वडिलांचा संसार दुसरीकडे. आईने दोन मुलींना ओढग्रस्तीत वाढवलं. हे काही मासिकांनी खणून काढलं म्हणून मी सांगत नाही. निवृत्तीच्या जरा आधी, सप्टेंबर 1980 मध्ये आलेल्या 'आओई तोकी' या आत्मकथनात तिने स्वतःच लिहिलंय. त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

1972 मध्ये ती 'स्टार तांजो' या टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरली. तिथे मुलं गायची आणि समोर बसलेल्या कंपन्यांची माणसं, जो हवा असेल त्याच्यासाठी पाट्या वर करायची. गुरांच्या बाजाराची आठवण व्हावी असा प्रकार! (मागच्या अंकात ती पहिली आली असं मी लिहून बसले. दोघा वाचकांनी कान पकडला. ती दुसरी आली होती.) पुढच्या वर्षी, चौदाव्या वर्षी, पहिली तबकडी.

1974 मध्ये या शाळकरी मुलीला गायला दिलं 'हितो नात्सु नो केइकेन'. मुलीजवळची सर्वांत मोलाची गोष्ट मी तुला देईन, असं म्हणणारं गाणं. पत्रकार पुरुष तिला गाठून मिश्कीलपणे विचारायचे, मोलाची गोष्ट म्हणजे काय गं? ती दरवेळी एकच उत्तर द्यायची : "मागोकोरो." खरं मन. पंधरा वर्षांची पोर, चेहऱ्यावरची रेषा न हलवता! मला तिचं एकही गाणं या उत्तराइतकं आवडत नाही.

मग गीतकार योको आकी आणि संगीतकार र्यूदो उझाकी या जोडप्याकडून गाणी हवीत, हे तिनेच सुचवलं. त्यातून 1976 मध्ये 'योकोसुका स्टोरी' आलं. योकोसुका-चुओ स्थानकात केइक्यू रेल्वेची लाल गाडी यायच्या आधी त्याचीच धून वाजते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी गाडी चुकली. 1978 च्या 'प्लेबॅक पार्ट 2' मध्ये लालभडक पोर्शे आहे. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर जाहिरात चालत नाही, म्हणून तिथे पोर्शेची नुसती 'गाडी' झाली होती.

आता नवरा. तोमोकाझु मिउरा तिला 1974 मध्ये एका जाहिरातीच्या चित्रीकरणात भेटला, मग चित्रपटांत तिचा नायक झाला. ऑक्टोबर 1979 मध्ये ओसाकाच्या कार्यक्रमात तिने भर रंगमंचावरून जाहीर केलं, की माझं प्रेम आहे ते याच्यावर. 19 नोव्हेंबर 1980 ला लग्न. त्यानंतर आजतागायत ती व्यासपीठावर परतलेली नाही. दोन मुलगे, एक गायक-अभिनेता, दुसरा अभिनेता. ती गोधड्या शिवते, म्हणजे क्विल्ट. 2019 मध्ये त्या गोधड्यांचं पुस्तकही निघालं.

तुमची चीड मात्र मी पुरती खोडणार नाही. लग्न दोघांचं झालं, काम सोडलं एकीनेच, आणि त्याला कोणी विचारलंही नाही. तो अजून अभिनय करतो, आणि छान करतो. 'परफेक्ट डेज' हा चित्रपट पाहिला असेल, तर शेवटाकडे नदीकाठी सावल्यांशी खेळणारे दोन प्रौढ आठवतील. त्यातला आजारी माणूस तो.

प्रश्न : भाषा येत नाही. तिचं कोणतं गाणं आधी ऐकू?

उत्तर : 'कॉसमॉस', 1977. गीत-संगीत मासाशी सादा. लग्नाच्या आदल्या दिवशीची मुलगी, अंगणात हलकंसं खोकणारी आई, जुन्या फोटोंचा आल्बम आणि त्याच त्याच आठवणी पुन्हा सांगणं. अखेरीस मुलगी म्हणते, अजून थोडा वेळ मला तुझं मूल राहू दे. गाताना मोमोए अठरा वर्षांची होती.